गाडी अचानक स्टार्टच होत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. माझी २०१३ ची पेट्रोल गाडी, काल संध्याकाळपर्यंत मस्त चालली, खंबाटकी घाट चढून साताऱ्याला घरी आलो, लावली आणि आज सकाळी स्टार्टच होईना. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडतच नाही. बॅटरी मीटरने बघितली, १२.५ व्होल्ट आहे, लाईट हॉर्न सगळं ठणठणीत, म्हणजे बॅटरीचा विषय नसावा. टाकीत अर्ध्याच्या वर पेट्रोल आहे.

एक गोष्ट लक्षात आली, एरवी चावी ऑन केली की मागच्या सीटखालून फ्यूल पंपाचा (टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा) दोन सेकंद बारीक घुंss असा आवाज यायचा तो आज अजिबात येत नाही, मुलाला मागे कान लावून बसवलं तरी काही नाही. पंपाचा फ्यूज काढून बघितला, शाबूत आहे. त्याचा रिले (पंपाला करंट चालू-बंद करणारा स्विच) शेजारच्या सेम रिलेशी बदलून बघितला, फरक शून्य. चावीच्या चित्राची लाईट लागून विझते, त्यामुळे इमोबिलायझरचा (चुकीच्या चावीने गाडी सुरू होऊ न देणारी चोरी-रोधक यंत्रणा) प्रॉब्लेम नसेल असं वाटतंय.

मेकॅनिक न बघताच फोनवर म्हणतो पंप बदला. पण पंपाच्या कनेक्टरला १२ व्होल्ट येतात का हे आधी बघायला नको का? सीट उचलून कसं चेक करायचं, अर्थिंगची (निगेटिव्ह) वायर कुठे असते, कोणी केलंय का? परवा आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायचंय हो, प्लीज सांगा.