शब्दचर्चा : वेबसाईटच्या कोटेशनमधले शब्द (डोमेन, होस्टिंग, रिस्पॉन्सिव्ह, कॅश वगैरे)

शेंगाचटणी :
नमस्कार मंडळी. आमच्या काकांचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे नवी पेठेत, आता त्यांना वेबसाईट करायचीय. एका डिझायनरनं दोन पानी कोटेशन पाठवलंय आणि काकांनी ते माझ्यापुढं टाकलं, म्हणाले तू दिवसभर नेटवरच असतोस ना, सांग ह्यात काय लिहिलंय. त्यात आहे डोमेन रजिस्ट्रेशन एक वर्ष, शेअर्ड होस्टिंग, एसएसएल, रिस्पॉन्सिव्ह डिझाईन, सीएमएस, बेसिक एसईओ आणि शेवटी बारीक अक्षरात "कंटेंट क्लायंटने द्यावा". मला साधारण कळतं पण काकांना मराठीत सांगायला गेलो की दर दुसऱ्या शब्दाला अडखळायला होतं. ह्यांना मराठी शब्द आहेत का, आणि असले तर कुणी वापरतं का?

मास्तरीणबाई :
आधी एक गोष्ट, मग कोटेशनकडे येऊ. इंटरनेट आणि वेब हे दोन वेगळे. आपण सगळ्यालाच "नेट" म्हणतो आणि रोजच्या बोलण्यात त्यानं काही बिघडत नाही, पण शिकवताना बिघडतं. इंटरनेट म्हणजे जगभरची कॉम्प्युटरं एकमेकांना जोडणारी यंत्रणा, तिची सुरुवात १९६९ च्या अर्पानेटपासून. वेब हा त्या यंत्रणेवर चालणारा एक प्रकार, पानं आणि त्यांना जोडणाऱ्या लिंका. तो टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाच्या सर्न संस्थेत सुचवला. व्हॉट्सॲपचा मेसेज इंटरनेटवरून जातो पण ते काही वेबपान नाही. माझ्या क्लासातली पोरं "वेबसाईट म्हणजे गूगल" असं लिहितात पेपरात, आता काय बोलायचं.

मराठीत इंटरनेटला आंतरजाल, महाजाल असे शब्द आहेत. लिहिताना मी आंतरजाल वापरते, बोलताना नाही वापरत.

पूर्वभागकर :
आंतरजाल की अंतर्जाल? आमच्याकडं तेलुगूत अंतर्जालम् म्हणतात आणि कन्नडमध्ये अंतर्जाल, मग मराठीतच ते आं कुठून आलं बे?

मास्तरीणबाई :
मराठीत आंतर म्हणजे दोघांच्या किंवा अनेकांच्या मधलं. आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय. अंतर्गत म्हणजे आतल्या आत. त्या हिशोबानं इंटरनेट ते आंतरजाल, आणि एखाद्या कंपनीतलं आतल्या आत चालणारं नेटवर्क ते अंतर्जाल. पण तेलुगू-कन्नड माणसाला चूक म्हणू नका, त्यांच्याकडे तो शब्द तसाच रुळलाय.

उत्तरकसबा :
वेबसाईटला संकेतस्थळ म्हणतात हे सगळ्यांना माहीतच असेल, सरकारी जाहिरातीत तेच असतं. पण जुन्या संस्कृत काव्यात संकेतस्थान म्हणजे प्रियकर-प्रेयसीनं गुपचूप भेटायची ठरलेली जागा. म्हणजे "अधिक माहितीसाठी आमच्या संकेतस्थळाला भेट द्या" असं पालिकेनं छापलं की मला आपलं वेगळंच काहीतरी डोळ्यापुढं येतं.

आणि लिंकला दुवा. शब्द चांगलाय, दोन पिढ्यांमधला दुवा वगैरे आपण म्हणतोच. पण आमच्या आईला मी मेसेज केला "खाली दुवा दिलाय" तर तिनं उलट "तुलाही" असं पाठवलं.

शेंगाचटणी :
😂 काकांना दुवा नको मग. डोमेन आणि होस्टिंगचं सांगा ना कुणीतरी, ते दोन्ही एकच आहे आणि डिझायनर दोनदा पैसे लावतोय असं काकांच्या डोक्यात बसलंय.

जुळेसोलापूर :
सोप्पंय. वेबसाईट म्हणजे दुकान धर. होस्टिंग म्हणजे भाड्यानं घेतलेला गाळा, डोमेन म्हणजे बाहेरची पाटी, आणि आत लावलेला माल म्हणजे तुझे फोटो, मजकूर, किमती. झालं.

होटगीरोड :
ही गाळ्याची गोष्ट मीपण सांगायचो पण ती अर्ध्यावर तुटते म्हणून आता सांगत नाही. पाटी एकदा रंगवली की आपली, गाळा सोडला तरी उचलून घरी नेता येते. डोमेनचं तसं नाही. ते कधीच विकत मिळत नाही, मुदतीनं मिळतं, डॉट कॉम असेल तर एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षं. लोक "डोमेन विकत घेतलं" म्हणतात आणि मग निवांत होतात, तिथंच फसगत होते. "नोंदवलं" म्हणा. नोंदणी म्हटलं की नूतनीकरण आपोआप डोक्यात येतं, दुकानाच्या लायसनसारखं नाही, पण... बरं जाऊ द्या, उपमा नकोच.

सरळ सांगतो. डोमेन म्हणजे वेबसाईटचं नाव, अमुकतमुक डॉट कॉम. कॉम्प्युटरला नाव कळत नाही, त्याला आकडे लागतात, तर त्या नावाला कुठल्या सर्व्हरचे आकडे लावायचे ती नोंद डीएनएस नावाच्या यादीत असते, ही पद्धत १९८३ पासूनची. होस्टिंग म्हणजे तो सर्व्हर, म्हणजे चोवीस तास चालू असलेला कॉम्प्युटर, ज्यावर काकांचे चादरींचे फोटो ठेवलेत. शेअर्ड होस्टिंग म्हणजे त्याच कॉम्प्युटरवर आणखी पुष्कळ जणांच्या वेबसाईटा आहेत. छोट्या दुकानाला ते पुरतं, महागाचं घेऊ नका. दोन्ही वेगळ्या कंपन्यांकडून घेता येतात, होस्टिंग बदललं तरी डोमेन तेच राहतं.

आता खरी मेख. डोमेन कुणाच्या नावावर आणि कुठल्या ईमेलवर नोंदवलंय ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. आमच्या ओळखीतल्या एका युनिफॉर्मवाल्याचं डोमेन डिझायनरनं स्वतःच्या ईमेलवर नोंदवलेलं, पुढं तो पोरगा गाव सोडून गेला, फोन बंद, मुदत संपल्याची सगळी पत्रं त्याच्याच मेलवर जात राहिली आणि इकडं एक दिवस साईट बंद. डॉट कॉमचं कसं असतं, मुदत संपल्यावर कंपनी काही दिवस सवलत देते, मग ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, त्यात सोडवून घ्यायचं तर नेहमीपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात, मग ५ दिवस ते नाव पुसलं जायच्या रांगेत आणि त्यानंतर जगातल्या कुणालाही मोकळं. त्या युनिफॉर्मवाल्याच्या छापलेल्या सगळ्या पिशव्यांवर तेच नाव होतं.

शेंगाचटणी :
बापरे. कोटेशनमध्ये नाव-ईमेलचं काहीच लिहिलेलं नाही. विचारतो.

पूर्वभागकर :
सर्व्हरला मराठी शब्द शोधू नका हं. "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे रांगेत उभं राहिलेल्या म्हातारीलासुद्धा कळतं. सर्व्हर काय असतो ते माहीत नाही पण तो डाऊन असतो एवढं पक्कं माहीत.

मास्तरीणबाई :
अगदी. तसंच अपलोडचं. चढवणे-उतरवणे असे शब्द काढलेत लोकांनी, उतरवून घेणे वाचायला बरं वाटतं. पण पोरं म्हणतात "स्टेटसला टाक", "ग्रुपवर टाक". टाकणे हा अपलोडचा मराठी शब्द कधीच तयार झालाय, कुठल्या समितीला विचारून झालेला नाही.

रिस्पॉन्सिव्हला मात्र कृपा करून "प्रतिसादात्मक" म्हणू नका, त्यातून काही बोध होत नाही.

शेंगाचटणी :
काकांना वाटलं गिऱ्हाइकानं विचारलं की वेबसाईट लगेच उत्तर देणार 🙏

होटगीरोड :
काकांची काय चूक, शब्दच तसाय. ईथन मार्कॉट नावाच्या डिझायनरनं २०१० मध्ये हे नाव दिलं. अर्थ एवढाच की स्क्रीन लहान-मोठी असेल तसं पान स्वतःला बसवून घेतं. "मोबाईलवर नीट बसणारी वेबसाईट" म्हणा, आपल्याकडं ब्लाऊज बसतो, शर्ट बसतो, कापडाच्या धंद्यातल्या माणसाला ते लगेच कळेल. आणि काकांना स्वतः तपासता येतं. कॉम्प्युटरवर साईट उघडायची, खिडकीची कड माऊसनं धरून अरुंद करत न्यायची. चार रकान्यातल्या चादरी दोन रकान्यात आणि मग एकाखाली एक आल्या पाहिजेत. खाली आडवा सरकवायचा पट्टा आला, किंवा फोन नंबर कडेबाहेर गेला, तर रिस्पॉन्सिव्हचे पैसे देऊ नका.

हे काम सीएसएस करतं. एचटीएमएल सांगतं हे शीर्षक आहे, हा परिच्छेद, हा फोटो. सीएसएस सांगतं ते दिसायचं कसं, रंग, आकार, जागा. आणि बटण दाबल्यावर काही हलायचं-उघडायचं असेल तर जावास्क्रिप्ट, जिचा जावा नावाच्या दुसऱ्या भाषेशी नावापलीकडे संबंध नाही. एवढं पुरे, कोटेशनमध्ये हे शब्द नाहीतच.

जुळेसोलापूर :
एसएसएलला वेगळे पैसे लावलेत का? त्याचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, लेट्स एनक्रिप्ट नावाच्या संस्थेचं. बसवायची मजुरी घेतली तर ठीक, पण "सर्टिफिकेट फी" म्हणून मोठा आकडा असेल तर विचारायचं कुठलं सर्टिफिकेट.

गंमत म्हणजे एसएसएल हे नाव जुनंय, १९९९ मध्येच त्याच्या जागी टीएलएस आलं, पण धंद्यात अजून सगळे एसएसएलच म्हणतात. मराठीत मी "कुलूपवाली साईट" म्हणायचो, पण क्रोम ब्राउझरनं २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं ते कुलपाचं चित्रच काढून टाकलं. कारणही बरोबर होतं, लोकांना वाटायचं कुलूप आहे म्हणजे दुकानदार प्रामाणिक. तसं काही नसतं, गिऱ्हाईक आणि सर्व्हर ह्यांच्यातलं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. भामट्याच्या साईटलाही एसएसएल असतं.

उत्तरकसबा :
कॅशचं सांगा रे कुणीतरी, तो शब्द लै घोटाळ्याचा. आमच्या शेजारच्या भांडीवाल्यांना डिझायनरनं फोनवर सांगितलं "कॅश क्लिअर करा म्हणजे नवीन दिसेल". हे भडकले, म्हणे निम्मे पैसे आधी दिलेत, काम दिसल्याशिवाय उरलेले देणार नाही.

मास्तरीणबाई :
😄 काय सांगता! उच्चार एकच, म्हणून काही जण मुद्दाम "कॅशे" म्हणतात, तो उच्चार इंग्रजीत चूक धरतात पण दुकानदाराशी बोलताना मला तो बरा वाटतो. ब्राउझर एकदा आणलेली चित्रं वगैरे मोबाईलमध्येच जपून ठेवतो, परत परत आणायला नको म्हणून, तो साठा म्हणजे कॅश. डिझायनरनं तिकडं फोटो बदलला तरी आपल्याला साठ्यातला जुनाच दिसत राहतो. "जुना साठा पुसा" म्हणायचं, मराठीतच. आणि कुकी वेगळी बरं का, कुकी म्हणजे वेबसाईटनं आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, हे गिऱ्हाईक आधी येऊन गेलंय, ह्यानं दोन चादरी निवडून ठेवल्यात, अशी. नेटस्केप नावाच्या ब्राउझरमध्ये १९९४ साली निघाली. दोन्हीत लोक गल्लत करतात.

होटगीरोड :
सीएमएस राहिलं. म्हणजे कोड न शिकता काकांना स्वतः किंमत बदलता येईल, फोटो टाकता येईल अशी मागची सोय. वर्डप्रेस हे त्यातलं सगळ्यात माहितीचं, २००३ पासूनचं. मराठी नाव नको, "स्वतः बदलता येतं का" एवढा प्रश्न विचारा, आणि पासवर्ड हातात घ्या.

एसईओ म्हणजे गूगलवर शोधणाऱ्याला तुमचं पान सापडावं म्हणून केलेली मांडणी. "पहिला नंबर गॅरंटी" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा, अशी गॅरंटी कुणी देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगतं. आणि "महिन्याला इतक्या हिट्स" म्हणाला तर विचारा हिट्स का माणसं? सर्व्हरकडं मागितलेली प्रत्येक फाईल म्हणजे एक हिट. पानावर १८ फोटो असतील, एक एचटीएमएल, एक सीएसएस, तर एका माणसानं एकदा पान उघडलं की २० हिट्स झाल्या.

शेंगाचटणी :
बेश्ट. आता शेवटचं, "कंटेंट क्लायंटने द्यावा". काकांकडं छापलेल्या माहितीपत्रकाची फाईल आहे, मराठीत, ती मी ईमेलमध्ये चिकटवून बघितली तर सगळी एबीसीडी आणि मधेच कंस, टक्के असलं काहीतरी आलं.

डीटीपीवाला :
हा आमचा विषय. ती फाईल जुन्या फॉन्टातली असणार. त्या फॉन्टांत फाईलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार दाखवतो, फॉन्ट गेला की मराठी गेलं. छपाईला चालतं, कागदाला काय फरक पडतो. वेबला चालत नाही, गूगलला त्यात "चादर" हा शब्द दिसतच नाही, मग कसला एसईओ. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, क चा ०९१५, कुठल्याही मोबाईलवर तो कच. तेव्हा मजकूर आधी युनिकोड करून घ्यायचा, कन्व्हर्टर मिळतात, पण नंतर माणसानं वाचायचा, ऱ्य आणि रफार हमखास बिघडतात. "कारखान्याऱ्या" असलं काहीतरी होऊन बसतं.

अजून एक, डिझायनरला सांगा पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये लिही. ते दोन अक्षरी असतं, एम आणि आर. बरेच जण इंग्रजीच ठेवून देतात. ते नीट असलं आणि फॉन्टात सोय असली तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. सोलापूर हे नाव आपल्याकडच्या कुणी लिहिलंय की परगावच्या कुणी, ते ल वरून कळतं मला.

पूर्वभागकर :
मग डोमेनपण मराठीतच घ्या की, डॉट भारत मिळतं ना?

डीटीपीवाला :
मिळतं, २०१४ पासून. पण एकटं नको. काही ठिकाणी ते चिकटवलं की एक्सएन, दोन आडव्या रेघा आणि पुढं भलतीच अक्षरं असं दिसतं, गिऱ्हाईक घाबरतं. डॉट इन किंवा डॉट कॉम घ्या आणि हौस असेल तर हे जोडीला.

शेंगाचटणी, ती फाईल आणि तिच्यातला फॉन्ट दोन्ही पेनड्राईव्हवर घेऊन ये, फॉन्ट विसरू नको, नुसती फाईल आणशील तर माझ्याकडंही एबीसीडीच दिसेल.

शेंगाचटणी :
आणतो. काकांनी कोटेशनवर पेननं लिहिलंय, "डोमेन माझ्या नावे, पासवर्ड हाती, मग ॲडव्हान्स". डिझायनरला पाठवलंय, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही अजून.