अनुभव धागा : जत्रेच्या नाटकाचं पाठांतर

तालमी सुरू झाल्या. घरी घडाघडा म्हटलेलं वाक्य देवळासमोरच्या स्टेजवर नेमकं कसं जातं? जाणकारांनी लिहावं.

दिग्दर्शक, पेडणे
बहुतेक नट फक्त स्वतःची वाक्यं पाठ करतात, तिथेच घोळ होतो. आठवण जागी होते ती समोरच्याच्या शेवटच्या तीन-चार शब्दांनी. म्हणून त्याची वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करा, आपल्या वाक्यापुरती जागा मोकळी सोडा आणि संहिता बंद ठेवून ती भरा. अडलात तर लगेच पान उघडू नका, दहा सेकंद ताण द्या, मग बघा. नुसतं वाचत राहिलं की मजकूर ओळखीचा होतो, पाठ होत नाही. आणखी एक धोका: ‘मग पुढे काय झालं?’ हेच वाक्य पहिल्या आणि तिसऱ्या अंकात असेल, तर नट सरळ तिसऱ्यात जातो, मधली पानं गळतात. अशा जोड्या लाल पेनाने खुणावा, आणि दोन्ही वेळी उभं राहायची जागा वेगळी द्या.

मानसशास्त्राची प्राध्यापिका, मडगाव
जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊसने १८८५ साली विसरण्याची मोजदाद प्रसिद्ध केली. निरर्थक अक्षरगट त्याने स्वतःच पाठ केले. तेच गट पुन्हा पाठ करताना पहिल्या वेळेपेक्षा जे श्रम वाचले, ते एका दिवसाने सुमारे एक तृतीयांश होते, महिन्याने सुमारे एक पंचमांश. म्हणजे मोठी गळती पहिल्याच दिवशी! अर्थ असलेले संवाद जास्त टिकतात, तरी पहिली उजळणी त्याच रात्री हवी, मग दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी. आणि कृपा करून तालीम पहाटेपर्यंत ओढू नका. नवं शिकलेलं झोपेत पक्कं होतं.

घुमट आरती (घुमटाच्या साथीने म्हणायची गोव्यातली आरती) शिकवणारे, फोंडा
चालीमुळे शब्द लवकर बसतात, पण एकाच साखळीत. एक ओळ सुटली की घुमट, शामेळ, कासाळें ही वाद्यं चालूच राहतात आणि गाणारा मनात पहिल्या कडव्याकडे पळतो. कडव्यांचे आकडे चिठ्ठ्यांवर लिहा, निघेल त्या कडव्यापासून म्हणायला लावा.

प्रॉम्प्टर, डिचोली
नट अडला की विंगेतून पहिले दोनच शब्द द्या. पूर्ण वाक्य दिलं तर नट ऐकत बसतो, त्याचं स्वतःचं आठवणं थांबतं. मुद्दाम घेतलेले पॉज संहितेत आधीच खुणावून ठेवा, नाहीतर तिथेही शब्द सुचवाल.