मदत हवी आहे : ‘हँडसम’ स्त्रीला मराठीत काय म्हणावे?

नमस्कार. नाशिकच्या आमच्या वाचनगटासाठी मी एका जुन्या इंग्रजी कथेचा अनुवाद करीत असून, तिच्यातील साठीच्या विधवेला लेखकाने ‘हँडसम’ म्हटल्यामुळे अडलो आहे. या शब्दाचा मूळ अर्थ ‘हाताळण्यास सोपे’ असा होता. पुढे तो ‘भरघोस’ (हँडसम रक्कम आपणही म्हणतोच) आणि ‘देखणा’ या अर्थांनी रूढ झाला. स्त्रीबाबत त्यात नाजूकपणापेक्षा ठसठशीत चेहरा व भारदस्तपणा अभिप्रेत असतो. ‘देखणी’ मला अपुरे वाटते, ‘रुबाबदार’मध्ये रूपापेक्षा ऐटच अधिक जाणवते, पंचवटीतील एका स्नेह्यांनी सुचविलेला ‘घरंदाज’ तर कुळाविषयी बोलतो, चेहऱ्याविषयी नाही. रूप आणि आब दोन्ही सांगणारे, शक्यतो बोलीतले विशेषण कोणी सुचवू शकेल काय?