मदत हवी आहे: 'बॉब्ज युअर अंकल' मराठीत कसं आणू?

नमस्कार मंडळी. एका ब्रिटिश पाककृतीचा अनुवाद करतेय. स्कोन्सची कृती आहे. पीठ मळा, जाडसर लाटा, वाटीनं गोल कापा, वरून दूध लावा, ओव्हनमध्ये ठेवा, 'अँड बॉब्ज युअर अंकल!' अर्थ कळतो: की झालंच काम! पण लिहायचं काय, इथे दोन दिवस अडलेय.

उगम शोधताना एक गोष्ट सगळीकडे भेटते. 1887 मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी आर्थर बाल्फोर यांना आयर्लंडचं मंत्रिपद दिलं. सॉल्सबरींचं नाव रॉबर्ट, म्हणजे बॉब, आणि ते बाल्फोरांच्या आईचे सख्खे भाऊ. म्हणजे आपल्या भाषेत चक्क मामा! 'अंकल'मध्ये जे हरवतं ते मराठीत एका शब्दात सापडलं, म्हणून मला फार आनंद झाला. मामाच्या वशिल्यावर लोकांनी मारलेल्या टोमण्यातून हा वाक्प्रचार आला, असं सांगतात. पण ही कथा मला पटत नाही. हा वाक्प्रचार छापील स्वरूपात दिसतो तो थेट 1924 च्या सुमारास, स्कॉटलंडमधल्या डंडीतल्या एका रंगमंचीय कार्यक्रमाचं नाव म्हणून. वशिल्याची टीका असती तर मधली सदतीस वर्षं ती कुणीच लिहिली नसती का? शिवाय जुन्या बोलीत 'ऑल इज बॉब' म्हणजे सगळं ठीकठाक, हा धागा मला जवळचा वाटतो.

तर, 'की झालं!' फिकं वाटतं, 'काम फत्ते' स्वयंपाकघरात शोभत नाही. तुमच्या घरी आजी-मावशी कृती सांगून संपवताना शेवटी काय म्हणतात? आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनो, हे आता कोणत्या वयाची माणसं बोलतात? प्लीज सांगा.