मदत हवी आहे : एका हाताने वापरता येईल असा फोन कुणी घेतलाय का?

मंडळी, नवीन मोबाईल घ्यायचाय आणि डोकं पार पिकलंय. बजेट २० हजार, फारच पटला तर ३०.

सध्या भावाकडून आलेला सॅमसंग गॅलेक्सी एस१०ई वापरते. २०१९चं मॉडेल, ५.८ इंची स्क्रीन, वजन १५० ग्रॅम, हेडफोनचा जॅक आहे. तक्रार करायला जागा नव्हती. पण आता सकाळी पूर्ण चार्ज करून निघाले तरी दुपारच्या जेवणाला बॅटरी लाल होते, सिक्युरिटी अपडेट कधीच बंद झालेत आणि त्याच फोनवरून बँकेचे व्यवहार करायला धाकधूक वाटते.

माझी गरज अगदी साधी आहे. रोज भांडुप ते सीएसएमटी, लेडीज डब्यात, बहुतेक वेळा उभ्याने. एक हात वरच्या कडीला, खांद्याला पर्स, उरलेल्या हातात फोन. पास फोनमध्येच, त्यामुळे टीसी आली की तो त्याच एका हाताने उघडून दाखवायचा. अंगठा स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचला पाहिजे, एवढंच मागणं. इअरफोन वायरवालेच हवेत. कानातली ती सुटी बोंडं गर्दीत उतरताना फलाट आणि गाडीच्या फटीत गेलेली मी पाहिली आहेत. माझी नव्हती, पण बाईचा चेहरा अजून आठवतो.

तर हे घेऊन दुकानात गेले. कुठल्याही मोठ्या दुकानात जा, अनुभव तोच. ज्या कंपनीचा टीशर्ट घातलेला मुलगा आधी गाठेल, त्या कंपनीचा फोन आपल्यासाठी 'बेस्ट'. ही मुलं दुकानाची नसतात, कंपनीने ठेवलेले प्रमोटर असतात, हे मला उशिरा कळलं. मी विचारलं, "यापेक्षा छोटा आहे का?" तर उत्तर, "मॅडम, छोटा अब आता ही नहीं. इसमें कॅमेरा देखो." मी कॅमेऱ्याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं! तरी ५० मेगापिक्सेल ऐकून घेतलं. शेजारी जो दुसरा कॅमेरा होता तो २ मेगापिक्सेलचा, तो कशासाठी असतो हे त्यालाही सांगता येईना.

हातात घेऊन बघावं म्हटलं तर टेबलावरचा फोन चोरी होऊ नये म्हणून वायरने बांधलेला. पाठीला अलार्मची जाड चकती चिकटवलेली, वायर सतत मागे ओढते. वजन किती, पकड कशी, काही म्हणता काही कळत नाही. अंगठा पोचतो का बघायला जरा उचलला, तर कुंईकुंई सुरू. अख्खं दुकान माझ्याकडे बघतंय.

शिवाय आकड्यांचे घोळ. डब्यावर ठळक '१६ जीबी रॅम'. बारीक अक्षरात ८ + ८. म्हणजे खरी रॅम ८, बाकीची स्टोरेजमधून उसनी घेतलेली, आणि ती खऱ्या रॅमइतकी वेगवान नसते. 'नो कॉस्ट ईएमआय'चंही तसंच. व्याजाइतकी सूट आधी किमतीतून वजा करतात, मग बँक तेच व्याज हप्त्यात लावते, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि बहुतेक ठिकाणी प्रोसेसिंग फी आपल्या माथी. फुकट ते काय? डब्यात चार्जर आहे का, हेही आता विचारून घ्यावं लागतं.

एक्स्चेंजचं तर नाव नको. ऑनलाइन दिसणारी रक्कम बघून हुरळायचं आणि दारात आलेल्या माणसाने भिंग लावल्यासारखं कडा तपासून ती कापायची.

तर प्रश्न असे :
२० ते ३० हजारांत खरोखर छोटा अँड्रॉइड मिळतो का? जॅक नसेल तर वायरवाल्या इअरफोनचं काय करता? आणि वापरलेला फोन घ्यावा का?

गिरगावची_चाळ : इंच बघू नकोस, रुंदी बघ. इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप, पकड ठरते ती रुंदीवर. तुझा एस१०ई जवळपास ७० मिमी आहे. हल्लीचे ६.७ इंची फोन ७५ ते ७७. गॅलेक्सी एस२४ची रुंदी ७०.६, पिक्सेल ८एची ७२.७. दोन्हींना ७ वर्षांचे अपडेट जाहीर केलेत. नवे तुझ्या बजेटबाहेर जातील, पण रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून-दुरुस्त करून विकलेला बघ. जॅक दोन्हींना नाही. टाइप-सीचं छोटं कन्व्हर्टर घे, 'डॅक' (डिजिटल सिग्नलचा इअरफोनला चालणारा आवाज करणारी चिप) असलेलंच, साधी स्वस्तातली सगळ्या फोनांवर चालत नाहीत.

ठाण्याचा_बंड्या : ताई, मोठाच घ्या आणि मागे रिंग चिकटवा. बायको तसंच करते.

साधासुधा : वापरलेला घेणार असाल, मग लॅमिंग्टन रोड असो की मनीष मार्केट, पैसे देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा १५ आकडी ओळख क्रमांक बघा. इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं तर तिथूनच मागे फिरा. आणि बिल मागाच. बिल नाही म्हणणाऱ्याशी बोलण्यात वेळ घालवू नका.

मूळ प्रश्नकर्ती : धन्यवाद गिरगावकर, रुंदीचं कुणीच सांगितलं नव्हतं. आता पट्टी घेऊनच बसलेय, घरातले सगळे फोन मोजून झाले. बंड्याभाऊ, वहिनी लोकलने जातात का? रिंगेत बोट अडकवून पर्स सांभाळता येते का, ते विचारून सांगा, चेष्टा नाही करत. साधासुधा, तो एसएमएस मी आताच माझ्या जुन्या फोनचा नंबर टाकून करून बघते.

एस२४ वापरणारं इथे कुणी आहे का? बॅटरी ४००० एमएएच दिसतेय. गाडीत सारखं नेटवर्क जात-येत असताना संध्याकाळी घरी पोचेपर्यंत टिकते का? रिव्ह्यू पुष्कळ वाचलेत, पण ते सगळे घरी वायफायवर बसून लिहिलेले वाटतात.