अग्निदिव्य, कौल आणि मानसशास्त्र: उलगडा झाला की नुसतं लेबल लागलं?

डिचोलीकर
गोव्यात शिरगावच्या लईराई देवीची जत्रा आली की आमच्याकडच्या शिकलेल्या पोरांचं उत्तर तयार असतं: "सगळं मानसिक असतं, मामा." भाच्याने या वेळी निखाऱ्यांवरून चालायच्या अग्निदिव्याचा निकाल दोन वाक्यांत लावला. सोवळं, उपास, जागरण, ढोल, गर्दी. मेंदूची अवस्था बदलते, निखारे जाणवत नाहीत, विषय संपला.

देव बाजूला ठेवू. मला हिशेब कळत नाही. दोन भाऊ धोंड, म्हणजे देवीचे व्रत धरलेले. एकाच घरचं सोवळं, एकाच तळीवरची आंघोळ, हातात तशीच रंगीत गोंड्यांची वेताची काठी. एक होमकुंडातून पार होतो, दुसरा काठावरून मागे वळतो. मानसशास्त्राकडे दोघांचीही उत्तरं आहेत: गेला तो लोकलाजेने, परतला तो भीतीने. उलट झालं असतं तरी हीच उत्तरं अदलाबदल करून चालली असती. कधीच न हरणाऱ्या वकिलाचं कौतुक करीन, पण त्याला शास्त्र म्हणणार नाही.

फोंड्याचा मास्तर
हा आक्षेप तुमच्याआधी कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने घेतलाय, आणि फ्रॉइड-ॲडलर या मनोविश्लेषकांपुरता तो रास्तच होता. मुलाला बुडवायला पाण्यात ढकलणारा आणि त्या मुलाला वाचवायला स्वतःचा जीव देणारा, दोघांचंही वागणं त्या सिद्धांतांत सारखंच सुखाने बसतं, अशी त्याची तक्रार. पण मानसशास्त्र तिथेच थांबलंय असं धरून चालू नका.

तुमच्याच विषयातलं उदाहरण देतो. स्पेनमध्ये सान पेद्रो मान्रिके नावाचं गाव आहे. तिथे जून महिन्यात, सान हुआनच्या रात्री, लोक निखाऱ्यांवरून चालतात, बहुतेक जण पाठीवर कुणाला तरी घेऊन. संशोधकांनी चालणाऱ्यांच्या आणि बघ्यांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बांधली. निष्कर्ष 2011 साली छापून आले. चालणाऱ्याचे ठोके जसे चढत-उतरत होते, तसेच बाजूला नुसत्या बसलेल्या त्याच्या नातलगांचे आणि मित्रांचेही. ज्यांचा चालणाऱ्यांशी काही संबंध नव्हता, अशा पाहुण्यांचे मात्र नाही. रात्र तीच, आग तीच, गलका तोच. नुसत्या गर्दीने आणि गोंगाटाने हे घडत असतं तर पाहुण्यांचेही ठोके जुळायला हवे होते. म्हणजे हा सिद्धांत हरू शकत होता. तुमच्या भाच्याचा "गर्दी, ढोल" वाला तर तिथे हरलाच.

डिचोलीकर
म्हणजे यंत्रं लावून एवढंच कळलं की आपलं माणूस आगीत पाय घालतं तेव्हा आपला जीव वरखाली होतो. हे आमच्या आईला यंत्राविना ठाऊक होतं. आणि पाय का भाजत नाहीत, तेही मानसशास्त्र सांगत नाही.

फोंड्याचा मास्तर
ते भौतिकशास्त्राचं काम, मानसशास्त्राच्या गळ्यात कशाला मारता? निखारा आणि त्यावरची राख उष्णता हळू देतात, आणि पाऊल टेकतं क्षणभर. थबकला तो भाजतो. न थबकता जायची हिंमत कुठून येते, एवढाच मनाचा प्रश्न.

सत्तरीची सून
तुमचं स्पेन चालू द्या. जत्रेतलं एका रात्रीत उतरतं हो. आमच्या वाड्यावरची एक मुलगी जेवेना, झोपेना, भिंतीशी बोलायला लागली. घाड्याने, म्हणजे गावच्या मांत्रिकाने, सांगितलं देवचार लागलाय, भूतबाधा आहे. नारळ झाले, कोंबडे झाले, मग मोठं विधान, म्हणजे विधी, काढलं, त्यासाठी तिच्या बापाने बायकोच्या पाटल्या मोडल्या. बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात नेली ती शेवटी. आता गोळ्यांवर बरी आहे, शिवणकाम करते. मानसशास्त्र सगळं सांगू शकत नसेल, पण तिच्या घरच्यांना विचारा कुठलं उत्तर परवडलं.

बांबोळीला नोकरी
सूनबाईंच्या म्हणण्याला जोड देतो. अंगात आलेला प्रत्येक जण आमचा पेशंट, अशी समजूत दोन्ही बाजूंना आहे. ती चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची जी यादी 2022 पासून लागू झाली, तिच्यात अंगात येण्याशी निगडित विकार आहे, पण अट अशी की ते त्या समाजाच्या मान्य धार्मिक रीतीचा भाग नसावं आणि त्याने माणसाला खरोखर त्रास व्हावा किंवा त्याचं रोजचं जगणं अडावं. होमकुंडातून पार होऊन दुसऱ्या दिवशी दुकान उघडणाऱ्या धोंडाला आम्ही काय म्हणून तपासणार?

मांडवीकाठचा
एवढी चर्चा झाली आणि पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला उभा असलेला आपलाच माणूस कुणाला आठवला नाही! संमोहनाचा अभ्यासक आबे फारिया, जन्म 1756, कांदोळी. लिस्बनहून रोमला जाऊन पाद्री झाला, मग पॅरिसला पोचला आणि 1813 पासून तिथे जाहीर प्रयोग करू लागला. तोवर मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या अनुयायांचा दावा होता की प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य द्रव वाहतो आणि त्याने समोरचा झोपतो, बरा होतो.

तो दावा 1784 सालीच तपासला गेला होता. फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन होता. बागेतल्या एकाच झाडात शक्ती भरली आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडाझाडापाशी नेलं. मुलगा बेशुद्ध पडला, पण भलत्याच झाडाखाली! समिती म्हणाली, ही कल्पनेची करामत, आणि फाईल बंद केली. फारियाने पुढचा प्रश्न विचारला: कल्पनेत एवढं बळ असेल तर ते कुणाचं? त्याचं उत्तर: झोपणाऱ्याचं. माझ्या हातात काही नाही, मी नुसता "झोप" म्हणतो. हे त्याने 1819 साली पुस्तकात मांडलं आणि त्याच वर्षी वारला.

गंमत म्हणजे पणजीच्या पुतळ्यात तो पसरलेल्या हातांनी एका बाईवर असा ओणवा झालाय की सगळी शक्ती त्या हातांतच असावी. पुतळा म्हणून सुंदर आहे, प्रश्न नाही, पण त्याच्या सिद्धांताच्या नेमका उलटा.

तेव्हा डिचोलीकर, मानसशास्त्राच्या उत्तराने धोंडाचं काहीच जात नाही. जे केलं ते त्यानेच केलं. जातं ते मधल्या माणसाचं, "माझ्यामुळे झालं" म्हणून पाटल्या मोडायला लावणाऱ्याचं.

डिचोलीकर
मधल्या माणसाबद्दल पटलं. पण फारिया पुरता सांगा ना. काही जण चटकन झोपतात ते रक्त पातळ असल्यामुळे, हेही तोच म्हणाला होता. आणि आजच्यांचं काय? 2015 साली मानसशास्त्रातले 100 प्रयोग पुन्हा करून पाहिले, तर जेमतेम 36 टक्क्यांत पुन्हा ठाम निकाल आला. एवढ्या भांडवलावर भाचा मला अडाणी ठरवतो.

फोंड्याचा मास्तर
ते 36 टक्के शोधून काढले कुणी? मानसशास्त्रज्ञांनीच, स्वतःच्या घरची झडती घेऊन. गेल्या वर्षी दिलेले कौल किती खरे ठरले याची वही एखाद्या देवळात ठेवलेली दाखवा, मी जाहीर माघार घेतो.

पेडणेकरीण
कौलाचा विषय निघालाच आहे तर बोलते. आमच्याकडे वाटणीचं भांडण कित्येक वर्षं कुजत पडलं होतं. शेवटी प्रसाद लावला. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, सगळे श्वास धरून उभे. पंखासुद्धा बंद. उजवी पाकळी पडली आणि एकमेकांची तोंडं न बघणारे भाऊ गपगुमान घरी गेले. पद्धत निष्पक्ष वाटली की निकाल विरुद्ध गेला तरी माणसं तो पचवतात, असं मानसशास्त्र सांगतं. आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं.

मांडवीकाठचा
पण प्रश्न कुणी ठरवला? ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांचा 1981 चा प्रयोग बघा. साथीत 600 माणसं मरणार आहेत. "200 नक्की वाचतील" असं सांगितलं तेव्हा 72 टक्के लोकांनी तो उपाय निवडला. त्याच उपायाला "400 नक्की मरतील" म्हटलं तर फक्त 22 टक्क्यांनी. पाकळी कुठेही पडो, अर्धा निकाल गाऱ्हाण्यातच लागलेला असतो.

पेडणेकरीण
प्रश्न थोरल्याने ठरवला. वरची बागायत याला की त्याला, एवढंच विचारलं. बहिणीचा वाटा प्रश्नातच नव्हता.

फोंड्याचा मास्तर
अहो, पण गोव्याच्या कायद्यात मुलीला समान वाटा आहे. नोटरीकडे तिची सही लागली असेल ना?

पेडणेकरीण
लागली. तिने केली. म्हणाली, देवानेच सांगितलंय, आता मी मोडता कशाला घालू.