मदत हवी आहे: सॅक्सोफोनचे खालचे सूर लागत नाहीयेत

नमस्कार मंडळी, मी आठ महिन्यांपासून आल्टो सॅक्सोफोन शिकतोय, सेकंडहँड घेतलाय. मधले सूर मस्त लागतात पण खाली लो सी, बी, बी फ्लॅट वाजवायला गेलं की सूर थरथरतो नाहीतर सरळ वरच्या सप्तकात उडी मारतो, ऑक्टेव्ह कीला (सूर वरच्या सप्तकात नेणारी कळ) हातही लावलेला नसतो तरी!!

मला समजलंय ते असं की बॉडी पितळेची असली तरी आवाज रीडच्या (तोंडाशी लावलेली वेताची पातळ पट्टी) कंपनाने नळीतल्या हवेतून येतो, आणि एकेक भोक बंद करत गेलं की हवेचा स्तंभ लांब होतो म्हणून सूर खाली उतरतो. म्हणजे लो बी फ्लॅटला जवळजवळ सगळेच पॅड (भोकं झाकणाऱ्या छोट्या गाद्या) घट्ट बसायला हवेत, वर कुठे बारीकशी फट राहिली तर तीच ऑक्टेव्ह कीचं काम करत असेल ना? की माझेच ओठ जास्त आवळले जातायत? रीड २.५ नंबरची आहे, नवीन लावून पण बघितली, फरक नाही.

नळीत एलईडी सोडून अंधारात फट शोधतात म्हणे, कोणी केलंय का घरी? पॅड बदलायला साधारण किती खर्च येतो? पुण्यात चांगला कारागीर माहीत असेल तर प्लीज सांगा, वाद्य खूप जीवाचं आहे.